सूत्र पाठ आहे, पण समीकरण मांडता येत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंतर = वेग × वेळ हे सूत्र येतं, समीकरण मांडून दिलं तर ते सोडवताही येतं, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की क्ष कशाला मानायचा आणि समीकरण कुठून आणायचं तेच सुचत नाही. उत्तर वाचलं की मात्र 'हात्तिच्या, एवढंच होतं?' असं वाटतं.

गेली वीसेक वर्षं बीजगणित शिकवतोय, आणि दर वर्षी हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर बहुतेकांना पहिल्यांदा पटत नाही. ज्या सूत्रावर तुमची सगळी भिस्त आहे, त्यातून समीकरण निघतच नाही. तीनपैकी दोन गोष्टी हातात असल्या की तिसरी काढून देणं, एवढंच सूत्राचं काम. समीकरण येतं उदाहरणातल्या एखाद्या वाक्यातून, आणि त्या वाक्यात बऱ्याचदा आकडाही नसतो. 'गाठलं', 'भेटले', 'परत आला', 'आधी पोहोचला' असला एखादा साधा शब्द असतो. आपले डोळे आकडे वेचत असतात, त्यामुळे नेमका तोच शब्द निसटतो.

एक उदाहरण अगदी सावकाश करून बघू.

सकाळी ७ वाजता एक मालगाडी ताशी ४८ किमी वेगाने निघाली. ८.३० वाजता त्याच स्थानकातून, त्याच दिशेने, शेजारच्या रुळावरून एक प्रवासी गाडी ताशी ७२ किमी वेगाने निघाली. ती मालगाडीला किती वाजता गाठेल?

कागदावर तीन रकाने आखा: वेग, वेळ, अंतर. दोन गाड्या म्हणून दोन ओळी. वेगाचा रकाना उदाहरणानेच भरून दिलाय, ४८ आणि ७२. वेळ माहीत नाही, म्हणून तिथे क्ष येणार. प्रवासी गाडी गाठेपर्यंत क्ष तास चालली असं मानू. मालगाडी तिच्या दीड तास आधीपासून चालतेय, म्हणून तिची वेळ क्ष + १.५. आता राहिला अंतराचा रकाना. तो उदाहरणात शोधत बसायचं नाही. तो सूत्र भरतं: मालगाडीचं अंतर ४८(क्ष + १.५), प्रवासी गाडीचं ७२क्ष. सूत्राची कामगिरी इथे संपली. तक्ता पूर्ण भरला, तरी समीकरण अजून कुठेच नाही, हे नीट पाहून ठेवा.

आता तो शब्द: 'गाठेल'. गाठणं म्हणजे काय? दोन्ही गाड्या एकाच स्थानकातून निघाल्या आणि आता एकाच जागी आहेत. म्हणजे दोघींनी कापलेलं अंतर सारखं. 'सारखं' हा शब्द तोंडातून निघाला की बरोबरचं चिन्ह मिळालं.

४८(क्ष + १.५) = ७२क्ष
७२ = २४क्ष
क्ष = ३

प्रवासी गाडी ३ तास चालली, म्हणजे ११.३० वाजता गाठेल. पडताळा: मालगाडी साडेचार तास चालली, ४८ × ४.५ = २१६ किमी. प्रवासी गाडी ७२ × ३ = २१६ किमी. जमलं.

यात सगळ्यात जास्त पाय घसरतो तो १.५ च्या चिन्हावर. वह्या तपासताना क्ष − १.५ कितीतरी वेळा दिसतं, आणि विचारलं तर उत्तर येतं, "मालगाडी आधी निघाली ना, म्हणून वजा." इथे 'किती वाजता' आणि 'किती वेळ' यांची गल्लत झालेली असते. आधी निघालेल्याच्या निघण्याच्या वेळेचा आकडा लहान असतो, पण रस्त्यावर काढलेला वेळ मोठा असतो. रकान्यात आपण रस्त्यावरचा वेळ लिहितो. शंका वाटली तर क्षच्या जागी एखादा साधा आकडा घालून बघा. प्रवासी गाडी तासभर चालली, म्हणजे साडेनऊ वाजले. मालगाडी सातपासून चालतेय, म्हणजे अडीच तास. १ चे २.५ झाले, म्हणजे मिळवायचे होते. दहा सेकंदांचं काम आहे, पण परीक्षेत कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट. क्ष मालगाडीच्या वेळेला मानला असता तर?

४८क्ष = ७२(क्ष − १.५)

यातून क्ष = ४.५ येतं. सातमध्ये साडेचार तास मिळवले की तेच ११.३०. दोन मुलं शेजारी बसून एकाला ३ आणि दुसऱ्याला ४.५ मिळतं आणि दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात, पण दोघंही बरोबर असतात. म्हणून क्ष काय आहे ते पूर्ण वाक्यात, एककासह लिहा: 'प्रवासी गाडीने गाठेपर्यंत घेतलेला वेळ = क्ष तास'. 'क्ष = गाडी' असं लिहिलेलंही मी पाहिलंय. गाडीला ४८ ने गुणता येत नाही. क्ष ही संख्याच असली पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या गणितींनी अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हटलं, म्हणजे जितकं असेल तितकं. दुसरं अज्ञात आलं की ते कालक, नीलक, पीतक असे रंग घेत. मला तो शब्द क्षपेक्षा आवडतो, कारण आपण काहीतरी मोजतोय हे त्या शब्दातच आहे.

७२ = २४क्ष ही मधली ओळ पुन्हा पाहा. ७२ म्हणजे प्रवासी गाडी निघताना मालगाडीने घेतलेली आघाडी, किलोमीटरमध्ये. २४ म्हणजे दर तासाला त्या आघाडीतून कमी होणारे किलोमीटर. ज्याला सापेक्ष वेग म्हणतात तो हाच, आणि समीकरणाने तो न विचारता काढून दिला. म्हणून 'एकाच दिशेने तर वजाबाकी, विरुद्ध दिशेने तर बेरीज' हा नियम मी आधी सांगत नाही. पाठ केलेला नियम थोडा वेगळा प्रश्न आला की दगा देतो.

समोरासमोरून येणाऱ्यांचं उदाहरण यापुढे सोपं आहे. ३१० किमी अंतरावरच्या दोन ठिकाणांहून दोन मोटारी एकमेकींच्या दिशेने येतात, एक ताशी ६० ने, दुसरी अर्ध्या तासाने निघून ताशी ८० ने. इथे अंतरं सारखी नाहीत. भेटतात तेव्हा दोघींनी मिळून ३१० किमी संपवलेलं असतं. पहिली भेटेपर्यंत क्ष तास चालली असं मानलं तर ६०क्ष + ८०(क्ष − ०.५) = ३१०, क्ष = २.५. पहिलीने १५० किमी कापले, दुसरीने १६०. पुढे चला.

आता जरा फसवं उदाहरण. एक मुलगी घरून ताशी ४ किमी वेगाने चालत निघाली तर शाळेत १० मिनिटं उशिरा पोहोचते. त्याच वेळी निघून ताशी ५ किमीने चालली तर ५ मिनिटं आधी. शाळा किती लांब?

बरेच जण इथे १० मधून ५ वजा करतात आणि फरक ५ मिनिटांचा धरतात. उशीर आणि आधी हे घंटेच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे दोन फेऱ्यांतला फरक १५ मिनिटांचा. पण मी तो फरकही काढायला सांगत नाही. सारखं काय आहे ते विचारा. रस्ता तोच आहे आणि घंटेची वेळही तीच आहे. मग घंटेपर्यंत उरलेल्या वेळालाच क्ष मिनिटं माना. हळू चालली तर लागलेला वेळ क्ष + १०, भरभर चालली तर क्ष − ५. रस्ता तोच, म्हणून:

४(क्ष + १०) = ५(क्ष − ५)
४क्ष + ४० = ५क्ष − २५
क्ष = ६५

हळू चालताना ७५ मिनिटं म्हणजे सव्वा तास लागतो, ४ × १.२५ = ५ किमी. भरभर चालताना ६० मिनिटं, ५ × १ = ५ किमी. समीकरणात अपूर्णांक आलाच नाही. इथे एक कान टवकारण्यासारखी गोष्ट आहे: वेग ताशी आणि वेळ मिनिटांत, तरी समीकरण बरोबर कसं? कारण दोन्ही बाजूंना ६० ने भागायचं राहिलंय, आणि दोन्हीकडे राहिल्यामुळे ते उडून जातं. पण अंतर काढताना ते राहून चालणार नाही; ४ × ७५ = ३०० किमी लांब शाळा येईल.

एककांबद्दल एवढंच, की ताशी वेग असेल तर वेळ तासांत आणा, आणि २० मिनिटांचे ०.२० तास करू नका. ते १/३ तास आहेत. ताशी किलोमीटरचे मीटर प्रतिसेकंद करताना ५/१८ ने गुणायचं, कारण १००० मीटर भागिले ३६०० सेकंद म्हणजे ५/१८. कधी गुणायचं आणि कधी भागायचं यात गोंधळ होत असेल तर एकच जोडी लक्षात ठेवा: ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर.

त्याचा उपयोग लगेच आगगाडीच्या लांबीत होतो. एक गाडी खांबाला १२ सेकंदांत ओलांडते आणि २४० मीटर लांबीच्या फलाटाला २८ सेकंदांत. गाडीची लांबी किती?

इथली अडचण बीजगणिताची नाही, चित्राची आहे. 'ओलांडणं' कधी सुरू होतं आणि कधी संपतं? इंजिनाचं नाक खांबाशी आलं की सुरू, शेवटच्या डब्याची शेपटी खांबावरून गेली की संपलं. तेवढ्या वेळात नाक किती पुढे सरकलं? गाडीच्या लांबीइतकं. फलाटाच्या बाबतीत नाक फलाटाच्या अलीकडच्या टोकापासून निघालं आणि शेपटी पलीकडच्या टोकातून बाहेर पडली तेव्हा थांबलो. नाक फलाट अधिक गाडीची लांबी इतकं सरकलं. मी वर्गात टेबलावर पट्टी ठेवतो आणि तिच्या कडेने पेन सरकवतो. एकदा कोणाच्या तरी हातात पेन दिलं की हा प्रश्न कायमचा मिटतो. वेग दोन्हीकडे तोच, म्हणून:

क्ष/१२ = (क्ष + २४०)/२८
२८क्ष = १२क्ष + २८८०
क्ष = १८०

लांबी १८० मीटर, वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किमी. पुन्हा मधली ओळ बघा: १६क्ष = १२ × २४०. खांबापेक्षा १६ सेकंद जास्त लागले ते २४० मीटरसाठी, म्हणून वेग १५. तोंडी करणारे हेच करतात.

आता जिथे वर्गसमीकरण येतं तिथे जाऊ, कारण मुलं घाबरतात ती खरी इथे. एका गाडीला ३०० किमी जायचं आहे. वेग ताशी १० किमीने जास्त असता तर ती १ तास आधी पोहोचली असती. वेग किती?

ठरावीक पद्धत अशी: वेग क्ष, वेळ ३००/क्ष, वाढीव वेग क्ष + १०, वेळ ३००/(क्ष + १०).

३००/क्ष − ३००/(क्ष + १०) = १

कोणातून कोण वजा करायचं? हळू जाणाऱ्याला वेळ जास्त लागतो, म्हणून तो पहिला. सोडवलं की क्ष² + १०क्ष − ३००० = ०, म्हणजे क्ष = ५० किंवा −६०. वेग ताशी ५० किमी.

माझी पसंती मात्र दुसऱ्या वाटेला आहे: वेगाला क्ष माना, वेळेला य माना, आणि छेदात अज्ञात येऊच देऊ नका.

क्ष × य = ३००
(क्ष + १०)(य − १) = ३००

दुसरं उलगडा: क्षय − क्ष + १०य − १० = ३००. त्यातून पहिलं वजा केलं की क्ष = १०य − १० उरतं. पहिल्यात घाला: १०य² − १०य = ३००, म्हणजे य² − य − ३० = ०, य = ६. सहा तास, ताशी ५० किमी. आकडे लहान राहतात आणि छेद काढताना होणारी चिन्हांची पडझड टळते. दोन अज्ञातं घेतली म्हणून गुण कापले जात नाहीत. लोक उगाचच एकाच क्षमध्ये सगळं कोंबायला बघतात.

आणि तो −६०? 'वेग ऋण नसतो म्हणून अग्राह्य' असं लिहून आपण मोकळे होतो. ते बरोबरच आहे. पण ६० हा वाढीव वेग आहे हे तुमच्या लक्षात आलं का? तो योगायोग नाही. समीकरणात क्षच्या जागी −(क्ष + १०) घालून पाहा, समीकरण जसंच्या तसं परत येतं. वाढीव वेगाला क्ष मानलं असतं तर मुळं ६० आणि −५० आली असती. अशा उदाहरणात टाकून दिलेल्या मुळात दुसरं उत्तर दडलेलं असतं, आणि पडताळ्यासाठी ते फुकट हाती लागतं.

सरासरी वेगाचं एक उदाहरण मी दर वर्षी देतो, केवळ मजा म्हणून. एक गाडी घाट ताशी ३० किमीने चढली. त्याच रस्त्याने उतरताना तिने किती वेग ठेवावा म्हणजे जाऊन-येऊन सरासरी ताशी ६० किमी पडेल? वर्ग एका सुरात म्हणतो, ९०. मांडून बघू. घाटाची लांबी दिली नाही, तर तिला अ किमी म्हणा. न विचारलेली गोष्टही अज्ञात म्हणून घ्यायला भ्यायचं नाही. गरज नसेल तर ती आपोआप उडते.

अ/३० + अ/क्ष = २अ/६०

उजवी बाजू म्हणजे अ/३०. मग अ/क्ष = ०. क्ष कितीही मोठा घेतला तरी हे खरं होत नाही. चढतानाच सगळा वेळ संपला, उतरायला एक सेकंदही शिल्लक नाही. ९० ने उतरली तर सरासरी ४५ पडते, करून पाहा. 'उत्तर नाही' हेही समीकरण सांगतं, आणि ते चुकलं म्हणून नव्हे.

नावेच्या उदाहरणांत नवीन काही नाही, एवढंच की वेगाचा रकाना दोन तुकड्यांनी भरतो. संथ पाण्यात नावेचा वेग क्ष, प्रवाहाचा ताशी ३ किमी. ४५ किमी प्रवाहाबरोबर जाऊन परत यायला एकूण ८ तास लागले. जाताना क्ष + ३, येताना क्ष − ३:

४५/(क्ष + ३) + ४५/(क्ष − ३) = ८

सरळ केलं की ४क्ष² − ४५क्ष − ३६ = ०, अवयव (क्ष − १२)(४क्ष + ३), म्हणून क्ष = १२. जाताना ३ तास, येताना ५. पुष्कळ पुस्तकी उदाहरणांत मुळं पूर्णांक येतात, म्हणून अवयव पडले नाहीत की मुलांना वाटतं आपलं चुकलं. तसं नसतं. वर्गसमीकरणाच्या सूत्राने काढा आणि पडताळा घ्या.

याहून मला आवडतं ते टोपीचं उदाहरण. एक माणूस प्रवाहाविरुद्ध नाव वल्हवत चाललाय. पुलाखाली त्याची टोपी पाण्यात पडली. २० मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं, तो लगेच वळला, तितक्याच जोराने वल्हवत टोपीमागे गेला आणि पुलापासून २ किमी खाली त्याने ती उचलली. प्रवाहाचा वेग किती?

नावेचा वेग दिलेलाच नाही, म्हणून लोक म्हणतात माहिती अपुरी आहे. नावेचा वेग क्ष, प्रवाहाचा य माना, ताशी. २० मिनिटांत नाव पुलापासून वर गेली (क्ष − य)/३ आणि टोपी खाली गेली य/३. मधलं अंतर क्ष/३. य गेला! आता नाव खाली येते क्ष + य ने, टोपी य ने पुढे पळते, म्हणजे अंतर कमी होतं क्ष ने. क्ष/३ भागिले क्ष, म्हणजे १/३ तास, परत २० मिनिटं. क्षही गेला. टोपी एकूण ४० मिनिटं पाण्यात होती आणि २ किमी वाहत गेली, म्हणून प्रवाह ताशी ३ किमी. हे पहिल्यांदा फळ्यावर सोडवताना मी स्वतः अज्ञातं दोन आणि समीकरण एकच असं बघून मधेच थांबलो होतो, आणि वर्गातल्या एका मुलीने 'सर, पुढे करा ना, जाईल ते' म्हणून ढकललं. तेव्हापासून आकडे कमी वाटले तरी मी मांडणी सोडत नाही.

सगळा भार 'सारखं काय' यावर असतो, याचा जुना दाखला भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, इ.स. ११५० च्या सुमाराचा. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ. बिळापासून २७ हातांवर असलेला साप बिळाकडे येताना दिसतो आणि मोर तिरका झेपावतो. दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? यात वेगाचा आकडा नाही, वेळेचाही नाही. चाल सारखी आणि वेळही तीच, म्हणून दोघांनी कापलेलं अंतर सारखं. एवढ्यावर सगळं उभं आहे. बिळापासूनचं अंतर क्ष मानलं तर साप २७ − क्ष हात आला, आणि मोराची तिरकी वाट म्हणजे ९ आणि क्ष बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण:

८१ + क्ष² = (२७ − क्ष)²
८१ = ७२९ − ५४क्ष
क्ष = १२

दोघंही १५ हात गेले. क्ष² दोन्हीकडून उडतो, त्यामुळे दिसायला वर्गसमीकरण आणि निघतं साधंच.

पडताळ्याबद्दल एक. उत्तर समीकरणात घालून पाहणं हा अर्धाच पडताळा झाला, कारण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर चुकीचं उत्तर त्यात मजेत बसतं. उत्तर उदाहरणाच्या शब्दांत घालून पाहा, मी वर मालगाडीचं केलं तसं. आणि आकडा माणसाच्या अंदाजात आहे का तेही बघा. १०० मीटरचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा आहे, उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला केलेला. त्याचा सरासरी वेग ताशी साडेसदतीस किमीच्या आसपास पडतो. तुमचा पादचारी त्याच्या पुढे निघाला तर मिनिटं आणि तास कुठेतरी मिसळलेत.

शेवटी एक उदाहरण, ज्यात मी फक्त मांडणी करून देतो. दोन माणसं दोन गावांहून एकाच वेळी एकमेकांच्या गावाकडे चालू लागतात. वाटेत भेटतात, न थांबता पुढे जातात. भेटीनंतर पहिल्याला पोहोचायला ४ तास लागतात, दुसऱ्याला ९. भेटीपर्यंत किती वेळ गेला? वेग नाहीत, अंतर नाही. वेगांना क्ष आणि य म्हणा, भेटीपर्यंतच्या वेळेला व तास. पहिल्याने भेटीआधी कापलेला रस्ता क्ष × व; तोच रस्ता दुसऱ्याने भेटीनंतर ९ तासांत कापला, म्हणून क्षव = ९य. दुसऱ्याने आधी कापलेला यव, तोच पहिल्याने नंतर ४ तासांत, म्हणून यव = ४क्ष. दोन्ही समीकरणांच्या डाव्या बाजूंचा गुणाकार करा, उजव्या बाजूंचाही करा, आणि क्षय दोन्हीकडून उडवा. ६ तास आले नाहीत तर कुठे अडलात ते लिहा.